डोंगराकडची खुर्ची

चोपड्याची एसटी फलाटाला लागायच्या आधीच कलाबाईनं नवऱ्याला शपथ घातली. "गाव सांगायचं नाही. कोणते पाटील, ते सांगायचं नाही. आणि आजोबा-पणजोबांचं नाव तर तोंडातून काढायचंच नाही. घ्या माझी शपथ."

रुपचंद पाटलांनी गळ्याला हात लावून शपथ घेतली, पण चेहरा पार पडला. दोन दिवस जेवायचं नाही असं सांगितलं असतं, तर एवढं वाईट वाटलं नसतं.

पाटील जळगावातल्या एका हायस्कुलात हेडक्लार्क होते. तंबाखू नाही, पत्ते नाहीत, सिनेमासुद्धा वर्षातून एखादा. त्यांना नाद एकच होता, नातं काढायचा. समोर माणूस आला की पाच मिनिटांत त्याचं गाव, दहा मिनिटांत त्याचं कूळ आणि चहा येईपर्यंत त्याची मावशी आपल्या कोणत्या चुलत्याला दिली होती ते बाहेर पडायचं. एकदा दाताच्या डॉक्टरांकडे आ वासून बसले होते. तशाही अवस्थेत त्यांनी डॉक्टरांची आत्या नशिराबादला असल्याचं खणून काढलं. दात निघायचा राहिला आणि डॉक्टर बायकोमुलांसह रविवारी जेवायला यायचे ठरले. नातं पाटलांनी काढायचं आणि पोळ्या कलाबाईनं लाटायच्या, अशी ही विभागणी सतरा वर्षं सुरळीत चालली होती.

ह्या सतरा वर्षांत कलाबाईनं आयतं खाल्लं होतं ते दोनदा, दोन्ही वेळा बाळंतपणात. त्यामुळं पेपरातली ती जाहिरात वाचली तेव्हा तिनं ती कात्रीनं कापली आणि डाळीच्या डब्याखाली ठेवून दिली. 'सातपुडा दर्शन. केळीच्या मळ्यात शांत निवास. घरगुती भोजन. गॅलरीत बसून डोंगराचा रम्य देखावा.' खाली गॅलरीचं चित्र होतं आणि गॅलरीत एक रिकामी वेताची खुर्ची. कलाबाईला डोंगराचं फारसं काही नव्हतं. तिचा जीव त्या खुर्चीत अडकला. दोन दिवस कुणाचं ताट वाढायचं नाही, कुणाला काय हवं ते विचारायचं नाही, पाय वर घेऊन त्या खुर्चीत बसायचं आणि गरम पोळी आपल्या ताटात पडताना बघायची. एवढंच. पण एवढ्यासाठी आठ महिने गेले. सासूबाईंचे गुडघे, दिराची बदली, मग दिवाळी. शेवटी नाताळच्या सुट्टीत जमलं. मुलं सांभाळायला जाऊ तयार झाली, त्या बदल्यात येत्या उन्हाळ्यातल्या सगळ्या कुरडया कलाबाईच्या अंगावर आल्या. कलाबाई त्यालाही हो म्हणाली. त्र्याण्णव साल संपत होतं. ह्या साली नाही तर कधीच नाही, असं तिनं मनाशी धरलं होतं.

फाट्यावर उतरले तर एक तरुण ट्रॅक्टर घेऊन उभा. जाहिरातीत 'वाहनाची सोय' म्हटलं होतं ती हीच. ट्रॉलीत दोन गाद्या टाकल्या होत्या. तरुणाचं नाव भिकन, मालकांचा मुलगा. त्यानं ट्रॅक्टर सुरू करता करता विचारलं, "कोनता गावना तुम्ही?"

कलाबाईनं नवऱ्याच्या पायावर पाय ठेवला. "जळगावचे," रुपचंदराव म्हणाले.

"जळगावना ते शेतसच. पन मूळ?"

"मूळ... जळगावच," रुपचंदराव म्हणाले, आणि रस्ताभर ट्रॉलीत मान खाली घालून बसले.

सातपुडा दर्शनचे मालक आधार पाटील, सगळ्या शिवाराचे आबा. चार वर्षांपूर्वी केळी उत्पादकांच्या सहलीबरोबर ते महाबळेश्वरला गेले होते. तिथं लोक पदरचे पैसे टाकून येतात आणि कठड्याला टेकून नुसती दरी बघतात, हे पाहून त्यांची झोप उडाली. गावी परत आल्याबरोबर त्यांनी घरात जाहीर केलं, "आपला डोंगर तर फुकट पडेल शे!" आणि मळ्यातल्या घरावर तीन खोल्या चढवल्या, पुढं लांबलचक गॅलरी काढली, सातपुड्याकडं तोंड करून. प्रत्येक खोलीत प्लास्टिकची फुलं ठेवली. खोलीबाहेर पाटी लावली, 'देखाव्याची वेळ सकाळी सहा ते सात, संध्याकाळी पाच ते सहा. इतर वेळी धूर असतो.' सगळं सातपुड्याकडं तोंड करून झालं, फक्त स्वयंपाकघर तेवढं मागं गोठ्याकडं राहिलं. तिथं देखाव्याची गरज कुणाला होती?

कलाबाई पोचली ती बरोबर साडेपाचला, म्हणजे पाटीप्रमाणे देखावा चालू असताना. गॅलरीत ती खुर्ची होती. चित्रातल्यापेक्षा जरा मळकट, पण तीच. कलाबाई बसली. चपला काढल्या, पाय वर घेतले. समोर केळीच्या बागा, पलीकडे कपाशी, आणि त्यामागं आडवा पसरलेला डोंगर, उन्हानं तांबूस झालेला. आबांच्या सुनेनं, हिरानं, डोक्यावरचा पदर सावरत चहाचा कप आणून दिला. "अक्का, आखो काही जोयजे का?" कलाबाईला रडूच यायचं बाकी राहिलं. आणखी काही हवं का, हे सतरा वर्षांत तिला कुणी विचारलं नव्हतं. ती म्हणाली, "काही नको गं बाई. बसू दे फक्त."

अर्धा कप चहा झाला असेल.

खाली ओसरीवर आबांनी वही उघडली होती. नाव लिहायला रुपचंदरावांनी पेन हातात घेतलं आणि 'आर. झेड. पाटील' असं लिहिलं. आबांनी चष्मा वर केला. "हाऊ झेड कोन?"

वरून कलाबाई खोकली. रुपचंदराव घुटमळले. पण आबांनीही आयुष्यात नाती काढण्यावाचून दुसरं काही केलं नव्हतं. दोन कसलेले पैलवान समोरासमोर आले होते, आणि त्यातल्या एकाचे हात शपथेनं बांधलेले होते. आबा सहज म्हणाले, की आपलं मूळ गाव काही हे नाही; आपले वडील इकडे सासुरवाडीच्या जमिनीवर आले; मूळ घर तिकडं भडगावजवळ, गिरणेच्या काठावर.

एवढं ऐकल्यावर शपथ काय आणि बायको काय! रुपचंदरावांचा बांध फुटला. "गिरणेच्या काठावर? वाघळीच्या पाटलांपैकी? अहो आबा, झेड म्हणजे झुलाल! माझ्या वडलांना पणजोबांचंच नाव ठेवलं होतं!"

"झुलाल आबा? पिंपळवाला?"

"तेच!"

"आरे, मंग तू ते आम्हना झुलाल आबाना पनतू-नातू काय तो निंघना!" आबा उठून उभे राहिले. त्यांचे वडील आणि रुपचंदरावांचे आजोबा चुलतभाऊ. दोघांनी मिठी मारली. आबांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं, आणि वहीतलं नाव त्यांनी त्याच पेनानं खोडून टाकलं. घरच्या माणसाचं नाव वहीत कसं राहील? "भिकन, तुना भाऊ शे हाऊ! आनि वरते बठेल शे ती पाव्हनी नही रे, आपली सून शे!"

वर कलाबाईनं कप खाली ठेवला. ती नवऱ्याला मनातल्या मनात जे बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आबांच्या घरधनीण भिकुबाई धापा टाकत जिना चढून आल्या. बाई मनानं लोण्यासारख्या, त्यात शंका नको. त्यांनी कलाबाईचे दोन्ही गाल कुरवाळले, बोटं कडाकडा मोडली आणि म्हणाल्या, "उठ वं माय. पाव्हनीसारखी आठे काय बठनी? घरनी शेस तू. चाल, घरमा चाल."

मागोमाग आबा आणि रुपचंदराव गॅलरीत आले. आबा म्हणजे आता चुलत सासरे. सासऱ्यांसमोर पाय वर घेऊन खुर्चीत बसलेली सून खानदेशात अजून जन्माला यायची होती. कलाबाई उठली, पदर डोक्यावर घेतला, वाकून नमस्कार केला. आबांनी तोंडभरून आशीर्वाद दिला आणि खुर्चीत बसले. पाहुणी म्हणून आलेली बाई अर्ध्या तासात घरची झाली, आणि घरच्या बाईची जागा कुठं असते ते तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

स्वयंपाकघरात हिरा परातीसमोर बसली होती. त्या दिवशी जळगावहून आणखी दोन कुटुंबं उतरली होती. कलाबाईनं पाटावर बसत विचारलं, "किती जणांच्या पोळ्या?"

"बावीस," हिरा खालच्या आवाजात म्हणाली. मग जरा थांबून, "अक्का, तुम्ही बठा ना. मी करी लिसू."

बसा म्हणायला तिथं खुर्ची नव्हती. कलाबाईनं लाटणं हातात घेतलं. समोर खिडकी होती, खिडकीतून गोठा दिसत होता आणि गोठ्यातून एक म्हैस कलाबाईकडं बघत होती. रम्य देखावा म्हशीलाच काय तो मिळाला असेल. पोळ्या वाढायला कलाबाई बाहेर गेली तेव्हा जळगावच्या एका बाईंनी तिला थांबवून सांगितलं, "बाई, जरा आंघोळीचं पाणी सकाळी लवकर तापवाल का? आम्हाला देखावा चुकवायचा नाहीये." कलाबाई हो म्हणाली. काय सांगणार होती, की मीही देखावाच बघायला आले होते?

झोपायच्या वेळी रुपचंदराव भारावून म्हणाले, "किती माया आहे गं ह्या लोकांची! हॉटेलात आलोय असं वाटतच नाही."

"मला घरून निघालोय असंच वाटत नाही," कलाबाई म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून झोपली. सकाळच्या गाडीनं परत जायचं, असं तिनं ठरवून टाकलं. पोळ्याच लाटायच्या तर आपल्या पोळपाटावर लाटू.

पण सकाळी तिला काही सुटका मिळाली नाही. पुतण्या भेटला म्हणून आबांनी दुपारी भरिताचा बेत जाहीर केला. मळ्यातलं भरीत म्हणजे पुरुषांचा मान. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीवर वांगी भाजायची पुरुषांनी, ठेचायची पुरुषांनी, आणि 'भरीत काय झालंय!' म्हणून एकमेकांच्या पाठी थोपटायच्याही पुरुषांनीच. पुऱ्या, आमटी, भात आणि नंतरची भांडी ही त्यात धरत नाहीत.

बायकांनी कणीक तिंबायला घेतली. भिकुबाई लसूण सोलत बसल्या होत्या आणि बोलता बोलता त्यांच्या मनातलं दुखणं बाहेर आलं. त्यांची धाकटी, शालू, गेल्या वैशाखात आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, झाल्यावर उजवली होती. आता येणारी आखाजी लग्नानंतरची पहिली. पहिल्या आखाजीला लेक माहेरी आली नाही, झोक्यावर बसली नाही, तर आईनं गावात तोंड कसं दाखवायचं? "पन सासरना लोके मोठा तऱ्हेवाईक शेतस. धाडतीन का नही, देव जाने. दिवाळीलेबी धाडं नही."

"कुठं दिलंय शालूला?" कलाबाईनं पुरी लाटता लाटता विचारलं.

"पहूरले."

कलाबाईचं लाटणं थांबलं. "पहूरला? कुणाकडे?"

"चुडामण पाटीलना मधला पोऱ्याले."

कलाबाईनं लाटणं खाली ठेवलं. पदरानं कपाळाचा घाम पुसला. सतरा वर्षं ती नवऱ्याच्या नात्यांपायी पोळ्या लाटत आली होती. आपल्यालाही नाती आहेत, हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

"चुडामण पाटील माझे सख्खे चुलते," ती सावकाश म्हणाली. "तुमचा जावई माझा भाऊ. मुलाला गोवर निघाला होता म्हणून आम्हाला लग्नाला येता आलं नाही, नाहीतर तिथंच भेट झाली असती. मी शालूची नणंद."

भिकुबाईंच्या हातातला लसूण परातीत पडला. लेकीची नणंद! जिच्या एका शब्दावर लेकीचं माहेरी येणं-जाणं ठरतं ती नणंद, आणि तिच्याकडून आपण काल बावीस माणसांच्या पोळ्या लाटून घेतल्या! आता ही पहूरला जाऊन काय सांगेल? "अरे देवा! उठा, उठा तुम्ही! हात नका लावा कशाले! आहो, आयकं का? हाई पहूरनी शे! शालूनी नणीन!"

ओसरीवर एकच धावपळ उडाली. आबांनी दोन्ही नाती समोर ठेवून बघितली. पुतण्याची बायको एका पारड्यात, लेकीची नणंद दुसऱ्या पारड्यात. निवाड्याला त्यांना चहाचा एक घोट पुरला. सून काय, घरची असते, समजून घेते. व्याह्यांकडचं माणूस समजून घेत नसतं. जळगावच्या पाहुण्यांना गॅलरीतून उठवण्यात आलं. वेताची खुर्ची फडक्यानं पुसून डोंगरासमोर मधोमध ठेवली आणि कलाबाईला हाताला धरून तिच्यावर बसवलं. पाय धुवायला पाणी आलं, शेवयांची खीर आली. काल ज्यांनी आशीर्वाद दिला होता ते आबा आता चार हात लांब उभे राहून विचारत होते, "बाई, ऊन ते लागत नही ना?"

रुपचंदराव कठड्याशी उभे राहून बायकोकडं बघत होते. नातं असंही निघू शकतं, हे त्यांच्या एवढ्या वर्षांच्या अभ्यासात आलं नव्हतं.

कलाबाई खुर्चीत पाय वर घेऊन बसली. पाटी काही म्हणो, आज धूर नव्हता आणि डोंगर समोर होता. हवं ते सगळं मिळालं होतं. तिनं खिरीचा एक चमचा तोंडात घातला. तेवढ्यात हिरा ताट घेऊन आली. कपाळाला पीठ लागलेलं, पदर दातात धरलेला, आणि कणकेनं भरलेल्या बोटांनी गरम पुरी कलाबाईच्या ताटात टाकून म्हणाली, "अक्का, आखो काही जोयजे का?"

काल ह्याच शब्दांनी कलाबाईचं मन भरून आलं होतं. आज तिनं चमचा वाटीत परत ठेवला. आपण उठलो तिथल्या पुऱ्या आता ही एकटी लाटतेय, एवढं साधं गणित तिला दिसलं आणि स्वतःचीच लाज वाटली. तिनं ताट बाजूला सारलं.

"मी जेवणार नाही," ती मोठ्यानं म्हणाली.

भिकुबाई पळत आल्या. "काय व्हयनं बाई? काही चुकनं का?"

"लग्नात मी नव्हते. नणंदेचा रुसवा राहून गेलाय. आज मी रुसलेय."

भिकुबाईंच्या जिवात जीव आला. रुसव्याचं काय, रिवाजच आहे. नणंद रुसते, मागते, आपण देतो, नणंद हसते. घरात दोन चांगल्या साड्या होत्याच. "मांगा ना, बाई. जे मांगशात ते."

"हिरा माझ्याशेजारी खुर्चीवर बसेल. आणि पुऱ्या पुरुष तळतील. लाटतीलही तेच."

भिकुबाईंनी आबांकडं बघितलं. आबांनी भिकनकडं बघितलं. पण रुसव्यात मागितलेलं नाही म्हणता येत नाही, आणि आखाजी चार महिन्यांवर होती. आबांनी खांद्यावरचा गमछा कमरेला बांधला. "चाल रे रुपचंद," ते म्हणाले. "तूच काढं ना हाई नातं?"

"ते मी नव्हतं काढलं, आबा!" असं रुपचंदराव परोपरीनं सांगत होते, पण आबांनी त्यांना मागच्या बाजूला नेलं. थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून आधी भांड्यांचा आवाज आला, मग करपल्याचा वास आला, आणि मग पुरी गोल कशी करायची ह्यावरून तिघांचं भांडण ऐकू आलं. म्हैस खिडकीतून बघत असणारच.

हिरा दुसऱ्या खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती, कुणी हाक मारली तर लगेच उठता येईल अशी. कलाबाई म्हणाली, "टेक गं मागं." ती टेकली. पदर दातातून सुटला. हात मांडीवर कुठं ठेवायचे ते तिला कळत नव्हतं. ह्या गॅलरीत ती रोज यायची ती खाली मान घालून, कप ठेवून परत जायला. आज तिनं पहिल्यांदाच मान वर करून समोर बघितलं.

ती एकदम पुढं वाकली आणि बोट दाखवलं. "अक्का, ते दखा. डोंगरना खाले, चिंचासना झाडे शेतस ना? त्याना बाजूले धवळं देऊळ. ते मनं माहेर शे."

कलाबाईनं निरखून बघितलं. झाडांचा एक पुंजका होता आणि त्यात चुन्याचा पांढरा ठिपका. "इतकं जवळ? जातेस का मग आखाजीला?"

"हॉटेल सुरू व्हयनं तेव्हापासून नही. आखाजीले सुट्टीना पाव्हना ऱ्हातस." हिरा तिकडंच बघत होती. "चार वरीस व्हयनात. आठेन दिसस, हाई माले कोन्ही सांगंच नही."

जिन्यात भिकुबाई उभ्या होत्या, हातात साडी घेऊन. रुसवा काढायला आल्या होत्या. त्यांनी हे ऐकलं होतं आणि त्यांना पुढं यावं की मागं जावं ते सुचत नव्हतं.

कलाबाईनं मान वळवली. "भिकुबाई, शालूला आखाजीला धाडतील का, ह्याची तुम्हाला काळजी होती ना?" ती म्हणाली. "साडी राहू द्या. एक खुर्ची घेऊन या, आणि आमच्याजवळ बसा. आपण शालूच्या आणि हिराच्या, दोघींच्या आखाजीचं बोलू."